मॅडमचा मोहल्ला

मॅडमच्या खोलीत चहा हमखास मिळायचा, पण आधी काम करावं लागायचं. दारातून पाऊल आत टाकलं की त्या एक छापील चित्र पुढे सरकवत. काळ्या कागदावर लाल, पिवळट, निळसर ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. सोबत तांदळाच्या दाण्यांची डबी. "यातले जे एका ताग्यातले वाटतात त्यांच्यावर दाणा ठेवा," एवढंच सांगायच्या. पोस्टमन असो, विम्याचा एजंट असो की कॉलेजच्या तपासणीला आलेले बडे प्राध्यापक, कुणाची सुटका नव्हती. एकदा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला माणूस दाणे ठेवण्यात इतका रंगला की फिल्टर तसाच उघडा टाकून निघून गेला, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही खालच्या मजल्यावरून बाटल्या भरून आणत होतो.

दाणे ठेवून झाले की मॅडम वाकून बघायच्या. बरोबर की चूक, काही बोलायच्या नाहीत. चित्राच्या पाठीमागे काहीतरी खरडायच्या आणि मग किटलीचं बटण दाबायच्या.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळ्याच वेळात, त्या दूरच्या विश्वाचा नकाशा करायच्या. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा अगणित दीर्घिका विश्वात आहेत, पण त्या सारख्या पसरलेल्या नाहीत. कुठे त्यांचे गुच्छ होतात, गुच्छागुच्छांमधून लांबच लांब माळा जातात आणि मधे अवाढव्य ओसाड जागा पडलेल्या असतात. कुठे काय आहे, हे कुणीतरी मांडायला हवं. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणी आकाशाचे फोटो काढतात आणि सगळ्यांसाठी खुले करून टाकतात. बघायला माणसं कमी आणि आकाश जास्त, म्हणून नाशिकमध्ये बसलेल्या बाईलाही त्यात काम मिळतं.

अडचण एकच असते. फोटोत जवळचं आणि लांबचं सगळं एकाच सपाट कागदावर येतं. दोन दीर्घिका शेजारी दिसतात, पण एक पुढे आणि दुसरी कितीतरी मागे असू शकते. खात्री करायची तर त्यांच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळावा लागतो, जो आमच्यासारख्यांना कोण देणार. मग रंगावरून अंदाज करायचा. एका गुच्छातल्या म्हाताऱ्या दीर्घिका साधारण एकाच लाल रंगाच्या दिसतात, आणि गुच्छ जितका दूर तितका तो लाल गडद. म्हणून एकाच लाल रंगाच्या पुष्कळ दीर्घिका एका जागी दिसल्या तर तो गुच्छ असण्याचा संभव. संगणक रंग मोजून देतो, पण फार अंधूक दीर्घिका आल्या की तोही गोंधळतो. तिथे मॅडमचा भरवसा डोळ्यांवर. अर्थात दुसऱ्याच्या.

"मला जे हवंय तेच मला दिसतं, बेटा," त्या म्हणायच्या. "ज्याला काहीच नकोय, त्याला विचारावं." विम्याच्या एजंटाचं महत्त्व ते एवढंच.

'तागा', म्हणजे कापडाचा अखंड गठ्ठा, हा शब्द त्यांनी मालेगावहून आणलेला. वडिलांचे तिथे यंत्रमाग होते. सूत रंगवून आलं की वडील लडी उचलून दारात उन्हात न्यायचे आणि दोन लडींचा लाल एकच आहे का ते बघायचे, कारण आत दिव्याखाली सगळेच लाल सारखे दिसतात. ही गोष्ट मॅडमनी एकदा एका वार्ताहराला सांगितली आणि पस्तावल्या. दुसऱ्या दिवशी 'मागावरच्या धाग्यातून उलगडले विश्वाचे जाळे' असं मोठ्या टायपात छापून आलं. मॅडमनी ते कात्रण मला वाचायला लावलं. "धाग्याला दोन्ही टोकांना कुणीतरी धरलेलं असतं," त्या वैतागून म्हणाल्या. "याला कुणी धरलंय? उगाच आपलं काहीतरी."

मी पीएच.डी.साठी विचारायला गेले तेव्हा माझ्याही पुढ्यात चित्र आणि डबी आली. मी मखमलाबादची, घरी गुलाबाची शेती. जुडी बांधताना एका जुडीत एकाच रंगाची फुलं घालायची, हे लहानपणापासून हातात बसलेलं. भराभर दाणे ठेवले. मॅडमनी माझे गुण, शिफारसपत्रं यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हात असे कशानं ओरखडलेत?" एवढंच विचारलं. म्हटलं, काट्यांनी. "मग ये उद्यापासून," त्या म्हणाल्या. माझी निवड नक्की कशावर झाली ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्याबद्दल लोकांचे गैरसमज पुष्कळ होते आणि ते दूर करण्यात त्यांना रस नव्हता. विश्वाचा अभ्यास करणारी बाई म्हणजे तिला तारे ओळखता येणार, असं सगळे धरून चालत. मॅडमना सप्तर्षीसुद्धा धड दाखवता यायचे नाहीत. ग्रहण आलं की विद्यार्थी गंगापूर धरणावर दुर्बीण घेऊन जायचे, मॅडम खोलीत पडदे ओढून संगणकापुढे. एकदा एक सद्गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. मुलीचं लग्न जमत नव्हतं, त्र्यंबकला शांत करायची की नाही यावर त्यांना शास्त्रीय मत हवं होतं. मॅडमनी पत्रिका आदरानं दोन्ही हातांत घेतली, चष्मा वर करून पाहिली आणि परत दिली. "माफ करा, आमच्या कामात ग्रह येत नाहीत. फार जवळ पडतात." मग त्यांना चित्र आणि डबी दिली. गृहस्थ चहा पिऊन, बऱ्यापैकी खूश होऊन गेले.

आणि 'कधीचं?' हा प्रश्न. लांबचं बघायचं म्हणजे जुनं बघायचं, कारण प्रकाश निघून कैक काळ लोटलेला असतो. हे इतकं अंगात मुरलेलं की कुणीही काही सांगितलं की मॅडम विचारणार, "हे कधीचं?" स्टाफरूममध्ये कुणी डोळे मोठे करून एखादी कुजबुज सांगायला यावं, आणि मॅडमनी शांतपणे "हे कधीचं म्हणालात?" म्हणावं. निम्म्या गोष्टी तिथेच मरायच्या. कँटीनच्या मावशींनी एकदा सांगितलं, सून आपल्याशी बोलत नाही. मॅडमनी विचारलं, कधीपासूनचं? मावशी बोटं मोजायला लागल्या आणि मोजता मोजता लक्षात आलं की सून कालच बोलली होती. "मॅडमपुढं धड रडायची बी सोय नाय," असं मावशी मला म्हणाल्या. पण चित्रं लावायला मावशीच सगळ्यात पुढे. "हे लय पिकेल टमाट्यावानी, नि हे गाजरावानी. यांचा एकमेकांशी काय संबंध नाय," असा निकाल द्यायच्या. चुकायच्याही भरपूर, पण मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही.

चिडक्या होत्या का? होत्या. माझा प्रबंध त्यांनी इतक्या वेळा परत केला की घरी आईनं विचारलं, बाईंचं आणि तुझं काही भांडण आहे का. मी एखादा गुच्छ नक्की म्हटला की "कुणाला दाखवलास?" हा प्रश्न यायचा. मी सांगितलेल्या माणसांची नावं ऐकून "ही सगळी तुझी मित्रमंडळी. तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात," असं म्हणून कागद बाजूला. शेवटी मी मखमलाबादच्या पोलीस पाटलांना दाणे ठेवायला लावले, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

एक चित्र मात्र या फेऱ्यात कधी आलं नाही. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं असायचं. तो मॅडमनी स्वतः शोधलेला, फार दूरचा, नुकता जमत असलेला गुच्छ. विश्वाच्या अगदी तरुणपणी दीर्घिका एकत्र यायला कशा लागल्या ते त्यात दिसतं, असं त्यांचं म्हणणं. यादीत त्याला एक लांबलचक क्रमांक होता. मॅडम त्याला मोहल्ला म्हणायच्या. सकाळी आल्या की पिशवी ठेवायच्या आणि कपाट उघडून क्षणभर उभ्या राहायच्या. "काय म्हणतोय मोहल्ला?" मी विचारायचे. "खैरियत आहे," त्या म्हणायच्या आणि कपाट लावायच्या. लग्न केलं नव्हतं, राहायला कॉलेजच्या आवारातलं क्वार्टर. त्यांच्या त्या सकाळच्या क्षणभराची आम्ही थट्टा करायचो, पण दबक्या आवाजात.

मोहल्ल्याची बातमी हळूहळू बाहेर पसरली. परदेशातल्या एका गटानं आपल्या यादीत त्याला घेतलं, दुर्बिणीवर वेळ मिळवला आणि वर्णपट घ्यायचं ठरवलं. नेमकी तेव्हाच मॅडमची निवृत्ती आली. संस्थेचे अध्यक्ष शहरातले साड्यांचे मोठे व्यापारी, माणूस दिलदार. त्यांनी जाहीर केलं की निवृत्तीनंतरही मॅडमची गच्चीवरची खोली मॅडमकडेच राहील, तिचं संशोधन केंद्र होईल आणि क्वार्टरही सोडावं लागणार नाही. समारंभात घोषणा करायची आणि लगेच त्या आठवड्यातल्या बैठकीत ठराव मंजूर करायचा, असं ठरलं.

त्या खोलीवर मॅडमचं सगळं अवलंबून होतं. नाहीतर मालेगावला भाईजानकडे जायचं. भाईजान म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, फार मायेचा माणूस, दर आठवड्याला फोन करून "आता बस झालं, घरी ये" म्हणायचे. पण घर यंत्रमागांच्या वर. दिवसभर जमीन थरथरते, बोललेलं ऐकू येत नाही आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. "तिथे बसून मी नवीन काही शोधू शकणार नाही, बेटा," मॅडमनी मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं. "जे झालंय तेवढंच आठवत बसेन."

समारंभाच्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर मॅडम उभ्या राहून मेल वाचत होत्या. ठेवणीतली साडी नेसलेल्या, केसात मोगरा, तो मीच आदल्या दिवशी दिलेला. त्यांनी सरकून मला जागा दिली. परदेशातल्या गटाचं पत्र होतं, फार सभ्य भाषेत. वर्णपट आले होते. मोहल्ल्यातल्या निम्म्या दीर्घिका एका अंतरावर आणि बाकीच्या त्यांच्या पाठीमागे कितीतरी दूर. दोन वेगळे, विरळ घोळके इथून एकाच रेषेत आल्यामुळे एक वाटत होते. गुच्छ तिथे नव्हताच.

मॅडमनी कपाट उघडलं, नखानं चिकटपट्टी सोडवली आणि चित्र काढून टेबलावर ठेवलं.

"हे मी कुणालाच लावायला दिलं नाही, ना गं?"

"नाही मॅडम."

"सगळ्या दुनियेला चित्रं दिली. हे दिलं नाही." थांबून म्हणाल्या, "कुणी नाही म्हणालं असतं तर, म्हणून. मला ते चाललं नसतं."

मी घाईघाईनं म्हटलं, "मॅडम, आज काही बोलू नका. मेल आजच आलाय. तुम्ही तो पुढच्या आठवड्यात वाचलात असं समजा. ठराव होऊन जाऊ दे." मला आजही त्यात काही वावगं वाटत नाही. खोली मोहल्ल्यासाठी नव्हती, मॅडमसाठी होती. एवढी वर्षं राबलेल्या बाईला एक खोली मिळायला काय हरकत होती?

"मी वाचलाय ना पण," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी चित्र उचललं, डबी उचलली आणि जिना उतरून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मी मागे. अध्यक्ष तिथे भाषणाचा कागद नजरेखालून घालत बसले होते. बाहेर सभागृहात माणसं जमली होती, 'नाशिकच्या कन्येची विश्वाला गवसणी' असा फ्लेक्स लागला होता. मॅडमनी चित्र आणि डबी अध्यक्षांपुढे ठेवली.

"आत्ता?" अध्यक्ष हसले. त्यांना हा खेळ माहीत होता. "मॅडम, लोक येऊन बसलेत."

"एका ताग्यातले तेवढे सांगा. मग जाऊ."

त्यांनी चष्मा लावला. खिडकीपाशी गेले, उजेडात कागद तिरका केला. परत येऊन दाणे ठेवायला लागले, मधेच थांबले, काही उचलले, पुन्हा ठेवले. दोन वेगळ्या बाजूंना दोन रंग दाखवत म्हणाले, "यात दोन लॉट मिसळलेत. लांबून एक वाटतात. पण आमच्या दुकानात मुलानं हे एका गठ्ठ्यात बांधलं तर मी त्याला ओरडेन. उद्या गिऱ्हाईक ब्लाउजपीस जुळत नाही म्हणून भांडायला येतं."

"बस," मॅडम म्हणाल्या. "हा माझा मोहल्ला. आज तुम्ही ज्याबद्दल बोलणार आहात तो. तिथे असं काही नाही, आजच कळलंय. तुम्ही खोटं पडू नये म्हणून सांगायला आले."

अध्यक्षांनी चष्मा काढला. भाषणाच्या कागदाकडे बघितलं, मग मॅडमकडे. "मग मी काय बोलू?"

"तुम्ही माझ्या शिकवण्याबद्दल बोला. बाकीचं मी बोलते."

आणि त्या बोलल्या. माइक नीट धरता येत नव्हता, आवाज मधेच जायचा. "माझा जो शोध म्हणून तुम्हाला सांगितलंय, तो शोध नाही," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. पुढच्या रांगेतली माणसं हसली, त्यांना वाटलं नम्रपणा आहे. "नाही, खरंच नाही. अर्ध्या दीर्घिका पुढे आहेत, अर्ध्या मागे. चूक दुर्बिणीची नाही, संगणकाची नाही. मी प्रत्येक चित्र परक्या माणसाला दाखवते. हे दाखवलं नाही, कारण हे मला फार आवडलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांनी एवढं लक्षात ठेवावं." मग त्या खाली बसल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंकडे कागद आधीच लिहिलेला होता, त्यांनी तो वाचून टाकला, "अशा या थोर शोधाबद्दल मॅडमचं पुनश्च अभिनंदन," आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम माझ्याकडे बघून इतक्या हताश हसल्या की मला रडू आलं.

खोली गेली. अध्यक्षांनी बैठकीत बाजू मांडली असं ऐकलं, पण बाकीच्यांनी विचारलं, आता केंद्र कशाचं? ते स्वतः गच्चीवर चढून सांगायला आले. "मला तुमचं पटलंय मॅडम. पण इतरांपुढे मी काय ठेवू?" मॅडम म्हणाल्या, "तुमची चूक नाही." त्यांना चहा दिला, त्या दिवशी चित्राशिवाय. आता तिथे नोकरीच्या मुलाखतींचा विभाग आहे. मी महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हते. मॅडमनी मात्र परदेशातल्या गटाला उत्तर लिहिलं, मोहल्ल्याचं नाव यादीतून काढायला सांगितलं आणि कुठे चुकलं ते सविस्तर कळवलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये.

त्या मालेगावला निघाल्या तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेले. सामान भाईजानच्या टेम्पोतून आधीच गेलं होतं. गाडीला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. मॅडम इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होत्या, मी नुकतीच घ्यायला लागलेल्या व्याख्यानांबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. मग बोलता बोलता थांबल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, खोलीचं दुःख. तसं म्हटलंही.

"खोलीचं नाही गं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी कपाट उघडून मी त्यांना बघायचे. वाटायचं, किती का दूर असेनात, एकमेकींच्या सोबतीनं आहेत. आणि त्या कधी एकत्र नव्हत्याच. मीच आपली त्यांना एका ठिकाणी राहायला ठेवलं होतं."

खोटं बोलून त्यांचं समाधान करता आलं नसतं, ते त्यांनी लगेच ओळखलं असतं. मी मनात चित्र आणून बघत राहिले, पुढच्या, मागच्या. मग म्हटलं, "मॅडम, मागच्यांचा प्रकाश आपल्याकडे आला तो पुढच्यांच्या मधूनच आला ना? एका रेषेत आहेत म्हणजे दुसऱ्या वाटेनं तो आलेलाच नाही. पुढच्यांच्या वजनाच्या ओढीनं वाटेत जरासा वाकलाही असेल."

मॅडमनी पदर खाली घेतला. "हे खरं म्हणतेस की माझं मन राखायला?"

"खरं आहे."

त्यांचे ओठ हलत होते, मनातल्या मनात तपासत होत्या. मालेगाव गाडी लागली. कंडक्टरनं हाक दिली, माणसं दाराशी झोंबली. मॅडम उठल्या, पिशवी खांद्याला लावली.

"वाकला असेल," त्या म्हणाल्या. "थोडा का होईना, वाकलाच असेल." आणि गाडीत चढल्या.